ओटल्यावरची उज्जयिनी

मराठी माणूस उज्जयिनीला जातो तो बहुधा महाकालेश्वराच्या दर्शनाला. पहाटेची भस्मारती, रामघाटावर क्षिप्रेचे स्नान, हरसिद्धी, कालभैरव, सांदीपनी आश्रम, वेळ उरल्यास राजा जयसिंहाची वेधशाळा, आणि सायंकाळच्या गाडीने परत. हा क्रम आमच्या वडीलधाऱ्यांनी पाळला आणि आम्हीही पुष्कळ वेळा पाळला. यंदाच्या माघात मात्र आम्ही चार दिवसांचा मुक्काम ठरवून इंदूरहून निघालो, आणि आमचे काम देवांपेक्षा माणसांकडे अधिक होते. आमच्या वाचनमंडळातील आम्ही पाच जण होतो. त्यांत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एक प्राध्यापिकाबाई होत्या. येथील जुन्या मराठी घरांतील वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात, आणि त्या कशा घ्याव्यात हे बाईंच्या हाताखाली शिकावे, असा आमचा बेत होता. या विद्येला मौखिक इतिहास म्हणतात.

उज्जयिनीशी आपले नाते तीनशे वर्षांच्या घरात जाते. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी येथे ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर नव्याने उभारले. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. राजधानी गेली, तरी तिच्याबरोबर सारी माणसे गेली नाहीत. कारकून, पुराणिक, वैद्य, शिलेदार, आचारी, त्यांच्या लेकीसुना आणि आश्रित येथेच राहिले. दिवाणांची व सरदारांची नावे कागदांवर सापडतात. येथील प्राच्यविद्या प्रतिष्ठानात तर हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत. परंतु ज्यांनी कधी कागदावर सही केली नाही त्यांचा इतिहास कोणत्या दप्तरात पाहावा? तो ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या जिभेवर आहे, आणि दर वर्षी थोडा थोडा कमी होत आहे.

त्यातच शहर वेगाने बदलते आहे. २०२२ मध्ये महाकालाच्या परिसरात ‘महाकाल लोक’ उभे राहिले. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद होत आहेत. लक्षावधी यात्रेकरूंची सोय व्हावी हे योग्यच; पण रस्ता रुंद होतो तेव्हा वाड्याचा दर्शनी भाग जातो, आणि दर्शनी भागात असतो ओटला. माळव्यात ओट्याला ओटलाच म्हणतात. तेथेच बसून एका पिढीने दुसरीला गोष्टी सांगितल्या. ओटला गेला की सांगण्याची जागा जाते, आणि मग सांगणेही थांबते.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हांला कोणाच्याही घरी नेले नाही. त्या आम्हांला रामघाटावर तीर्थपुरोहितांकडे घेऊन गेल्या. नाशिक-त्र्यंबकला उपाध्यायांकडे नामावळी असते, तशाच येथील पंड्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. आमच्यासमोर एक यजमान आले. पुरोहितांनी प्रथम आडनाव विचारले नाही. मूळ गाव विचारले, कारण एका आडनावाची माणसे शंभर गावांत असतात. मग आडनाव, मग गोत्र, मग आजोबांचे नाव. लांबट वही उलगडली गेली. जुन्या पानांवर मोडीतील ओळी होत्या. पुरोहितांनी आधीची नोंद मोठ्याने वाचून दाखविली, यजमानांनी मान हलविली, आणि त्यानंतरच पुढचा प्रश्न आला: “यानंतर घरात कोण जन्मले, कोण गेले, कोण कोठे राहावयास गेले?” नवी नोंद झाली, ती वाचून दाखविली गेली आणि यजमानांची सही घेतली गेली.

बाई म्हणाल्या, “आपल्याला जे शिकायचे आहे त्यातले निम्मे तुम्ही आत्ता पाहिलेत.” खरोखरच ते तसे होते. प्रश्न नेमका असावा. एका उत्तरातून दुसरा प्रश्न निघावा. आधी जे ठाऊक आहे त्याची तयारी करून जावे. जे लिहून घेतले ते सांगणाऱ्याला वाचून दाखवावे आणि त्याची संमती घ्यावी. पुस्तकांत मौखिक इतिहासाचा आरंभ १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी केला असे सांगतात, आणि ध्वनिमुद्रणाची पद्धतशीर व्यवस्था तेथून सुरू झाली हे खरेच आहे. पण विचारून नोंदण्याची शिस्त क्षिप्रेच्या काठी त्याहून फार जुनी आहे. तिच्यातील उणीवही आम्हांला तेथेच दिसली. आमच्यापुढे उघडलेल्या पानांवर पुरुषांची नावे ओळीने होती. स्त्रिया क्वचित, आणि त्याही कोणाची तरी भार्या किंवा माता म्हणून. वही ज्या प्रश्नांनी भरते तेच तिच्यात उरते. विचारले नाही ते लिहिले जात नाही.

माळव्यात विचारून इतिहास लिहिल्याचे एक मोठे उदाहरण बाईंनी घाटाच्या पायऱ्यांवर बसून सांगितले. मराठी राज्य बुडाल्यावर सर जॉन माल्कम या प्रांताची व्यवस्था पाहत होता. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ मध्ये निघाला. अहिल्याबाई होळकर १७९५ मध्ये निवर्तल्या होत्या; त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात होती. लोक सांगतात ती स्तुती अवास्तव तर नाही ना, अशी शंका घेऊन त्याने निरनिराळ्या थरांतील माणसांकडे चौकशी केली, आणि ती ताडून मगच लिहिले. एकाच्या सांगण्यावर न विसंबण्याचा हा नियम आजही तोच आहे. पण बाईंनी लगेच दुसरी बाजूही दाखविली. विचारणारा इंग्रज अधिकारी होता, आणि साऱ्या प्रांताचा कारभार त्याच्या हाती होता. अशा माणसासमोर कोण काय बोलेल आणि काय गिळून टाकील? म्हणून मुलाखत वाचताना उत्तर देणारा कोण, एवढेच पाहून भागत नाही. विचारणारा कोण होता, हेही पाहावे लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्तिक चौकाकडील एका जुन्या वाड्यात गेलो. ऐंशी ओलांडलेल्या आजी आमची वाट पाहत होत्या. “आधी पोहे खा, मग तुमचं काय ते विचारा,” असा हुकूम झाला. तो मानण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि बाईंच्या मते तो मुलाखतीचाच भाग होता. माणूस आपल्या घरात, आपल्या रीतीने आधी स्थिर झाला पाहिजे. तोवर आमच्यातील एकाने मोबाइल आजींच्या जवळ, पण त्यांच्या नजरेसमोर येणार नाही असा ठेवला, त्यावर येणारे फोन बंद केले आणि खिडकी लावून घेतली, कारण देवळाची घंटा कानाला गोड लागली तरी ध्वनिमुद्रणात शब्द खाऊन टाकते. मग तारीख, वार, स्थळ आणि उपस्थितांची नावे बोलून नोंदविली. आपण हे कशासाठी करीत आहोत, ते कोण ऐकेल, आणि आजींना वाटेल तेव्हा यंत्र बंद करता येईल, हे बाईंनी सावकाश समजावून सांगितले.

घरचा नातू कौतुकाने पुढे सरसावला. “आजी, जुन्या काळी आयुष्य कसं होतं गं?”

“कसं असणार? बरं होतं.”

एवढ्यावर ते थांबले. मोठ्या प्रश्नाला लहान उत्तर मिळते. थोडा वेळ जाऊ देऊन बाईंनी विचारले, “आजी, तुम्ही या घरात आलात तेव्हा सकाळी चूल कोण पेटवीत असे?”

“चूल? आत्याबाई पेटवायच्या. आम्ही उठायच्या आत त्या क्षिप्रेवरून न्हाऊन यायच्या. ओल्या लुगड्यानं आधी तुळशीला पाणी, मग चूल.” आणि पुढची चाळीस मिनिटे आम्हांला फारसे काही विचारावेच लागले नाही. आत्याबाई म्हणजे आजींच्या सासऱ्यांच्या बहीण, बालविधवा. माहेरी परत आल्या त्या या वाड्याच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राहिल्या. कोळशाचे दर, पाहुण्यांच्या पंगती, सवारीच्या सोमवारी दारावरून पालखी जाताना सजणारा ओटला, आणि त्या वेळी आत्याबाईंनी दाराआड उभे राहण्याची रीत, हे सारे त्या एका चुलीपासून निघाले.

वर्षे मात्र आजींना सांगता येत नव्हती. हे नेहमीचेच आहे. स्मरणशक्ती सनावळीवर चालत नाही, प्रसंगांवर चालते. म्हणून तारखेऐवजी खुंटी शोधावी. लग्न केव्हा झाले? “लढाई होऊन गेली होती. माझ्या आईनं पाटली निधीला दिली होती.” म्हणजे १९६२ ची चीनशी झालेली लढाई आणि संरक्षणनिधी. “आणि मंगळसूत्राच्या वाट्या चौदा कॅरटच्या. सासूबाईंना ते बिलकुल पसंत नव्हतं.” ही दुसरी खुंटी पक्की निघाली. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून चोख दागिने घडविण्यास बंदी झाली. तेव्हा लग्न त्याच्या आधीचे असू शकत नाही. लढाईची आठवण ताजी आहे, त्या अर्थी १९६३ च्या लग्नसराईतले असावे. कागद पुढे मिळाला तर उत्तम. न मिळाला तरी अंदाजाला आधार आहे, आणि तो कशाचा हे टिपणात लिहून ठेवता येते.

उज्जयिनीतील सर्वांत मोठी खुंटी सिंहस्थाची. १९८०, १९९२, २००४, २०१६ ही वर्षे येथील माणसांना घरच्या लग्नकार्यांसारखी आठवतात. “धाकटा दीड वर्षाचा होता, मी त्याला कडेवर घेऊन चाळीस पानं वाढत होते, तो सिंहस्थ,” असे कोणी म्हटले की मुलाचे जन्मवर्षही हाती येते. मात्र मराठी घरात एक प्रश्न न विसरता विचारावा लागतो: “गोदेचा की क्षिप्रेचा?” गुरू सिंह राशीत असता नाशिकलाही सिंहस्थ भरतो. दोन्हींकडे नातेवाईक असलेल्या घरात दोन पर्वण्यांच्या आठवणी एकमेकींत मिसळतात, आणि त्यांत काही महिन्यांचे अंतर सहज पडते.

याहून नाजूक प्रश्न तिथीचा. आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, माळव्याचा पौर्णिमेला. शुक्लपक्षात दोघांचे महिने जुळतात. कृष्णपक्षात आपला श्रावण तो त्यांचा भाद्रपद. आजी म्हणाल्या, आत्याबाई श्रावण वद्य पंचमीला गेल्या. ही पंचमी कोणत्या पंचांगाची? साठ वर्षे माळव्यात राहिलेल्या मराठी घरात दोन्ही बोलींप्रमाणे दोन्ही पंचांगेही तोंडात असतात. बाईंनी विचारले, “तेव्हा नागपंचमी होऊन गेली होती, की व्हायची होती?” “झाली होती की. राखीसुद्धा झाली होती.” म्हणजे आपलाच श्रावण. एका साध्या प्रश्नाने महिन्याची चूक टळली. महाकालाची सवारीही श्रावणी सोमवारांवर न थांबता येथल्या भाद्रपदाच्या अमावास्येपर्यंत चालते, ती मराठी श्रावणाच्या मानाने, असे येथे सांगतात. दोन पंचांगांचा समझोता शहराने आपल्या देवाच्या पालखीतच करून ठेवला आहे.

बोलणे संपत आले तेव्हा आजी गप्प झाल्या. नातू काही विचारू पाहत होता. बाईंनी डोळ्यांनीच त्याला थांबविले. ती शांतता बरीच लांबली. मुलाखत घेणाऱ्याने शिकण्याची सर्वांत अवघड गोष्ट हीच की, अशा वेळी आपण बोलू नये. थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, “त्यांचं खरं नाव आता कोणालाच मालूम नाही. सगळे आत्याबाईच म्हणत. मलाही त्यांनी एकदाच सांगितलं होतं, आजारपणात.” आणि त्यांनी ते नाव उच्चारले. नातवाने ते प्रथमच ऐकले. मग यंत्राकडे पाहून आजी म्हणाल्या, “नाव घरात राहू द्या, छापू नका. बाकीचं सांगायला हरकत नाही.” म्हणून ते येथे छापलेले नाही. घरच्या प्रतीत ते आहे. घाटावरची वही जेथे कोरी होती, तेथे चार अक्षरे आली, आणि ती जगात एकाच व्यक्तीच्या स्मरणात होती. ती मुलाखत वर्षभराने राहिली असती तर काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको.

तिसऱ्या दिवशी गोपाळ मंदिर. एकोणिसाव्या शतकात दौलतरावांच्या राणी बायजाबाई शिंदे यांनी ते बांधविले. त्याच्या गाभाऱ्याच्या चांदीच्या दरवाजांची हकीगत उज्जयिनीत लहान मूलही सांगते. ते मूळचे सोमनाथाचे. गझनीच्या महमुदाने नेले, पुढे लाहोरला आले, आणि महादजी शिंद्यांनी सोडवून आणले. समोरच्या ओटल्यावर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी ती आम्हांला मोठ्या आवेशाने सांगितली. येथे विचारणाऱ्याची परीक्षा असते. हो म्हणून पुढे जाणे सोपे, “हे खरे कशावरून?” असे विचारून माणसाचे तोंड बंद करणेही सोपे. बाईंनी विचारले, “आपण ही गोष्ट प्रथम कोणाकडून ऐकलीत?”

“वडिलांकडून. मी शाळेत होतो. सोमनाथचं नवं मंदिर झालं ना, तेव्हा गावभर हीच चर्चा.”

म्हणजे १९५१. गोष्ट सुमारे हजार वर्षांपूर्वीची, पण तिच्या या सांगण्याची तारीख स्वातंत्र्यानंतरची. पडताळून पाहता अडचणी दिसतात. महादजी १७९४ मध्ये गेले. मंदिर त्यानंतर बऱ्याच काळाने झाले. मधली वर्षे दरवाजे कोठे होते? शिवाय ‘सोमनाथाचे दरवाजे’ आणखी एका ठिकाणी आहेत. १८४२ मध्ये लॉर्ड एलेनबरो याच्या हुकमावरून गझनीहून महमुदाच्या थडग्याची दारे वाजतगाजत आणण्यात आली. ती देवदाराची निघाली, सोमनाथाची ठरली नाहीत, आणि आग्र्याच्या किल्ल्यात राहिली. मग ओटल्यावरची गोष्ट टाकून द्यावी काय? इटलीचे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याचे उत्तर दिले आहे. तेर्नी गावातील लुइजी ट्रास्टुली हा कामगार १९४९ मध्ये एका निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातील पुष्कळ जण तो १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या दंगलीत मेला असे शपथेवर सांगत. तारीख चुकीची होती. पण त्या कपातीचा घाव गावाला किती खोल लागला होता, हे त्या चुकीनेच सांगितले. तसेच येथेही. दरवाजे कोठले हे ओटला सांगू शकत नाही. लुटून नेलेले आपल्या माणसाने परत आणले, ही आस मात्र तो बिनचूक सांगतो. टिपणात दोन्ही गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात, एकीने दुसरी पुसू नये.

चौथा दिवस आम्ही फ्रीगंजमध्ये एका खोलीत बसून लेखनात घालविला. एका तासाचे बोलणे उतरवून काढावयास पाच-सहा तास सहज लागतात. येथे आमच्यात मतभेद झाला. आजींचे ‘मालूम’, ‘बिलकुल’, ‘बाखल’ हे शब्द तसेच ठेवावेत, की पुण्याच्या मराठीत बसवावेत? बाईंचे मत पक्के होते: जसे बोलले तसे. ते शब्द म्हणजे अशुद्धता नव्हे. तीनशे वर्षे परमुलखात नांदल्याची ती खूण आहे. गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरात वाढले, त्यांचे बालपण व शिक्षण बरेचसे याच उज्जयिनीत झाले. ते हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एका घरात दोन भाषा अशा नांदतात. त्यांतील एक पुसून आपण जर पुरावा ‘स्वच्छ’ केला, तर आपली उज्जयिनीच त्यातून पुसली जाईल.

आपल्या भाषेत या कामाचा थोर आदर्श आहे. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गावोगाव शोधून, त्यांच्या घरी बसून विचारले, आणि त्यातून १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ झाला. ज्यांना कोणी विचारलेच नव्हते त्यांना विचारल्यामुळे चळवळीचा इतिहासच बदलला. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांसाठी असेच खेड्यापाड्यांतून काम केले. लाखावर ओव्या जमल्या. दोन्हीकडे भांडवल एकच होते: वेळ, आणि ऐकण्याची तयारी.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी बडोद्यास आहे, कोणी हैदराबादेस, कोणी तंजावर, जबलपूर वा काशीस. प्रत्येक घरी एखादी आत्याबाई होऊन गेली आहे, आणि तिला पाहिलेले माणूस कदाचित अजून तुमच्या ओटीवर बसलेले आहे. येत्या सणाला सारे जमाल तेव्हा तास दोन तास त्यांच्याजवळ बसा. हुकमी प्रश्नावली नको. चुलीपासून, विहिरीपासून, शाळेच्या वाटेपासून आरंभ करा. विचारून यंत्र लावा, सांगितल्यावर बंद करा. मध्ये बोलू नका. ध्वनिमुद्रणाच्या प्रती निदान तीन ठिकाणी ठेवा, त्यांवर नाव, तारीख, गाव घाला, आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या हाती द्या. जे छापू नका म्हणतील ते छापू नका. क्षिप्रेच्या काठची वही पुरोहित लिहितात; ही वही मात्र ज्याची त्यानेच लिहावयाची आहे.